सामना हरला, वर्ष संपलं

लोणावळ्यापासून देहूरोडपर्यंतच्या पट्ट्यात फुटबॉल खेळणाऱ्या मुलांची वाण नाही. शाळा सुटल्यावर कुठल्याही मोकळ्या जागेवर दोन दगडांचा गोल मांडून खेळणारी मुलं तळेगाव, वडगाव, कामशेत, कुठंही दिसतात. प्रश्न त्यांच्या पुढच्या वाटेचा आहे. आठवीत उठून दिसणारा मुलगा पाच वर्षांनी महाविद्यालयाच्या संघात नसतो, विद्यापीठाच्या संघात तर क्वचितच. तो मधे कुठं गळतो? पालक अभ्यासाकडे बोट दाखवतात, प्रशिक्षक पैशाकडे आणि मुलं वशिल्याकडे. माझं म्हणणं वेगळं आहे आणि ते आकड्यांत मांडता येतं: या मुलांना पुरेसे सामने मिळत नाहीत. हे म्हणणं टिकतं की नाही ते पाहायचं तर समोर हटून बसणारा माणूस हवा, म्हणून इथं तात्या आहेत. तात्या ही कुणी एक व्यक्ती नाही. भात, दूध आणि थोडी फुलशेती करणारे, मुलगा नववीत असलेले, खेळाचे वैरी नसलेले पण हिशोबाला पक्के असे जे पालक मावळात भेटतात, त्यांचं बोलणं मी एका तोंडी घातलं आहे.

तात्या : सर, आमच्या मावळात कबड्डी हाय, कुस्ती हाय. क्रिकेटचं म्हणाल तर गहुंज्याला चाळीस हजार माणूस बसंल एवढं स्टेडियम उभं राहिलं. फुटबॉलला इथं कोण विचारतो? पोरगं खेळतंय, खेळू द्या, घाम निघतो. पण त्याच्यावर कॉलेजात जागा मिळंल, नाव निघंल, ही आशा कशाला लावायची?

मी : तात्या, स्टेडियममुळे खेळाडू तयार होत असते तर २०१२ पासून गहुंज्यात आंतरराष्ट्रीय मैदान असलेल्या आपल्या तालुक्यातून क्रिकेटपटूंची रांग लागली असती. खेळाडू घडतो तो खेळून, आणि मुलाचा खरा खेळ किती होतो ते तुम्हीच मोजून पाहा. शाळेचा संघ वर्षातून एकदा तालुका पातळीवर उतरतो. स्पर्धा बाद पद्धतीची असते. सोळा संघ आले तर एकूण पंधरा सामने होतात, आणि त्यातले आठ संघ पहिलाच सामना हरून घरी जातात. म्हणजे निम्म्या मुलांचं वर्षाचं स्पर्धात्मक फुटबॉल तासाभरात संपतं. जिंकणाऱ्याला फार तर तीन सामने जास्त, मग जिल्हा, मग विभाग, जिथं हरला तिथं वर्ष संपलं. चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालच्या शालेय स्पर्धा अशाच चालतात, आणि १९६० पासून भरणाऱ्या सुब्रतो चषकाची तालुक्यापासूनची चढणही अशीच आहे. त्यात या फेऱ्या आपल्याकडे येतात कधी? जुलै-ऑगस्टमध्ये. पुण्यातला मुलगा त्या दिवसांत अधूनमधून तरी सराव करू शकतो. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि त्याचा मोठा भाग याच दोन महिन्यांत. मैदानावर घोट्यापर्यंत पाणी, घरी भातलावणी, आणि त्याच पंधरवड्यात तालुक्याचा सामना. चेंडू चिखलात रुतला की पास देण्याचं कौशल्य बाजूला पडतं. ज्याच्या अंगात जोर जास्त तो चेंडू पुढं ढकलतो आणि जिंकतो. मग दिवाळीनंतर पाऊस उघडतो, मैदानं कोरडी होतात, हवा सुरेख होते, मुलं रिकामी असतात, आणि त्या चार-पाच महिन्यांत एकही स्पर्धा नसते. मावळच्या मुलाच्या अंगात काही कमी आहे असं म्हणण्याआधी हे वेळापत्रक पाहायला हवं.

तात्या : सामने कमी हायेत, मान्य. पण त्याला उपाय हाय की. पैसे टाकायचे, पुण्यातल्या चांगल्या अकॅडमीत घालायचं. न्हाय तर हायवेला टर्फ झालेत, तासाचे पैसे भरले की पाहिजे तेवढं खेळा. माझी ऐपत थोडी हाय, पण पोरासाठी काढीन.

मी : ही तयारी मोठी आहे, आणि म्हणूनच ती कुठं खर्च होते ते नीट पाहायला हवं. पुण्याकडे बघा. पुणे एफसी २००७ मध्ये आला, आय-लीगमध्ये नाव काढलं, त्यांची मुलांची अकादमी देशात अग्रणी मानली जात होती. २०१५ नंतर तो संघ वरच्या स्पर्धेतून गेला. भारत एफसी एक हंगाम खेळला आणि बंद झाला. डीएसके शिवाजियन्सनं लिव्हरपूल क्लबशी करार करून लोणी काळभोरला निवासी अकादमी उभारली, तीही मोडली. एफसी पुणे सिटी २०१४ च्या पहिल्या इंडियन सुपर लीगपासून (आयएसएल) बालेवाडीत खेळला आणि २०१९ मध्ये गुंडाळला गेला. बारा वर्षांत चार व्यावसायिक संघ आले नि गेले, आणि प्रत्येकाबरोबर त्याच्या आधाराने वाढणारी मुलं उघड्यावर पडली. २०२५ मध्ये तर खुद्द आयएसएलचा हंगाम व्यापारी कराराच्या पेचात अडकून वेळेवर सुरू झाला नाही. ज्यांच्या भरवशावर मुलाची दहावी-बारावी पणाला लावायची त्या संस्थांचं आयुष्य मुलाच्या शालेय आयुष्याहून कमी ठरलं. महाविद्यालय मात्र जागेवर असतं. लोणावळ्याचं पुरंदरे महाविद्यालय, तळेगावचं इंद्रायणी महाविद्यालय कुठल्या मालकाचा उत्साह ओसरला म्हणून कुलूप लावून जाणार नाहीत. म्हणून मी व्यावसायिक क्लबपेक्षा महाविद्यालयाच्या संघाला मुलाचं पहिलं ठिकाण मानतो. टर्फचं म्हणाल तर तिथं पाच-सहा जणांचा खेळ होतो. पायाची चपळाई वाढते, ते नाकारत नाही. पण शंभर मीटर लांबीच्या मैदानावर चेंडू चाळीस मीटर दूर असताना आपण कुठं उभं राहायचं, दमलेल्या पायांनी शेवटची वीस मिनिटं कशी काढायची, बचावफळीनं एका ओळीत कसं सरकायचं, हे जाळीच्या आत कुणालाच शिकवता येत नाही. निवड चाचणीत नेमकं तेच पाहिलं जातं.

यात आणखी एक गोष्ट आहे. महागड्या, रोज शिस्तीत चालणाऱ्या वर्गाशिवाय खेळाडू होतच नाही, ही समजूत तपासलेली नाही. जर्मनीतल्या बुंदेसलिगाच्या खेळाडूंचा आणि खालच्या पातळीवरच्या हौशी खेळाडूंचा २०१६ मध्ये तुलनात्मक अभ्यास प्रसिद्ध झाला. राष्ट्रीय संघापर्यंत पोचलेले खेळाडू लहानपणी गल्लीतलं, कुणाच्या देखरेखीशिवायचं फुटबॉल जास्त खेळलेले होते, किशोरवयातही इतर खेळ जास्त खेळत राहिलेले होते आणि फक्त फुटबॉलकडे उशिरा वळलेले होते. तुमचा मुलगा शेताच्या बांधापलीकडे खेळतो, कबड्डीही खेळतो, ते वाया जात नाही. त्याच्याकडे पाया आहे. त्यावर चौदाव्या-पंधराव्या वर्षापासून मोठ्या मैदानावरचे नियमित सामने चढायला हवेत, आणि ते चढत नाहीत.

तात्या : कोल्हापूरच्या पोरांचं बरं चाललंय. पण त्यांच्या मागं राजघराणं हाय, तालमी हायेत. आपल्याकडं कोण? आणि दुसरं. आमच्या पाहुण्यांतला एक पोरगा अमेरिकेत वाढतोय, त्याला म्हणे फुटबॉलवर कॉलेजची फी माफ होणार. तिकडं पाठवायची सोय होत आसंल तर सांगा, जमीन हाय.

मी : कोल्हापूरचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे, तात्या. राजाश्रय होता हे खरं, पण आज तिथं मुलगा घडतो तो पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल अशा तालमींचे संघ दरवर्षी शाहू स्टेडियमवर साखळी खेळतात म्हणून. हिवाळ्यात हंगाम सुरू होतो, पेठाच्या पेठा सामन्याला लोटतात, आणि हरलेल्या संघाला पुढच्या आठवड्यात पुन्हा उतरायचं असतं. दहा वर्षांचा पोरगा हे बघत वाढतो आणि सोळाव्या वर्षी आपण कुठल्या संघात जाणार हे त्याला ठाऊक असतं. २०१७ मध्ये भारतात झालेल्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात खेळलेला अनिकेत जाधव या कोल्हापुरातला. तिथून तो पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत आला, मग पुणे एफसीच्या अकादमीत गेला. सरकारी निवासी प्रबोधिनीनं त्याला हात दिला, पण निवडीच्या दिवशी दाखवायला त्याच्याजवळ काहीतरी होतं, आणि ते घरच्या हंगामानं दिलेलं होतं.

अमेरिकेचं स्वप्न मी मोडत नाही, फक्त त्याचं माप सांगतो. तिथल्या शाळांत साडेचार लाखांहून जास्त मुलगे फुटबॉल खेळतात. राष्ट्रीय महाविद्यालयीन संघटनेच्या सगळ्या श्रेणी मिळून महाविद्यालयांत खेळणारे पंचवीस हजारांच्या आसपास, म्हणजे सतरा-अठरा मुलांमागे एक, आणि त्या एकातही परदेशातून आलेल्यांचा मोठा वाटा. सर्वांत वरच्या श्रेणीत पुरुषांच्या संघाला २०२५ पर्यंत जेमतेम ९.९ शिष्यवृत्त्या देता येत होत्या, आणि त्या पंचवीस-तीस खेळाडूंत वाटून द्यायच्या. बहुतेकांच्या वाट्याला फीचा तुकडाच येई. आता न्यायालयात झालेली नवी तडजोड स्वीकारलेल्या विद्यापीठांना ती मर्यादा नाही, पण संघ २८ जणांपुरता बांधून टाकला आहे. त्याआधीचा क्लबचा, प्रवासाचा, शिबिरांचा खर्च तिथले मराठी आईबाप वर्षानुवर्षं स्वतः उचलतात. शिवाय ठरलेले विषय आणि ठरलेले गुण नसतील तर तिथं मैदानावर पाऊलही ठेवता येत नाही. जमीन विकून घ्यावी अशी ही गोष्ट नाही. घेण्यासारखं असेल तर एकच आहे: तिथल्या साध्यातल्या साध्या शाळेच्या संघालाही हंगामात दहा-पंधरा सामने मिळतात. मुलगा एक सामना वाईट खेळला तर पुढच्या आठवड्यात सुधारतो. आपल्या मुलाला सुधारायला पुढचं वर्ष उजाडावं लागतं, आणि तोवर तो दहावीत गेलेला असतो.

तात्या : आता आलात मुद्द्यावर. दहावी, बारावी. त्यात सीईटी, नीट, क्लासची फी भरलेली. त्या दोन वर्षांत बूट माळ्यावर जाणार म्हंजे जाणार. आणि गुडघा गेला तर? आमच्यात पोरगं लंगडलं तर शेती कोण बघणार? तुम्ही लेख लिहाल, दवाखाना मला करायचाय.

मी : दोन्ही धास्ती खऱ्या आहेत. आधी परीक्षेचं. या दोन वर्षांत सराव कमी करायलाच हवा, यात मी पूर्ण तुमच्या बाजूचा आहे. पण कमी करणं आणि बंद करणं यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. पंधरा ते अठरा या वयात मुलाचं शरीर पुरुषाचं होतं. पाय लांबतात, वजन वाढतं, धावण्याची ढब बदलते. त्या काळात खेळ पूर्ण थांबला तर अठराव्या वर्षी तो अनोळखी शरीर घेऊन मैदानावर येतो, आणि महाविद्यालयाची निवड चाचणी पहिल्या काही आठवड्यांतच असते. आठवड्याला दोन संध्याकाळी आणि एक रविवार एवढ्यावर हा धागा टिकतो. मोबाइलवर जाणाऱ्या वेळेपेक्षा हा वेळ जास्त नाही. शिवाय राज्य-राष्ट्रीय पातळीपर्यंत गेलेल्या खेळाडूला मंडळाच्या परीक्षेत वाढीव गुण मिळतात, पण मी त्यावर भर देत नाही, कारण तिथवर थोडेच पोचतात.

गुडघ्याच्या बाबतीत आपल्याकडे खरोखर हयगय होते. मुलं रिक्षातून उतरतात नि सरळ सामना सुरू करतात. फिफानं ‘अकरा प्लस’ नावाचा वीस मिनिटांचा व्यायामक्रम बनवला आहे: धावणं, एका पायावर तोल, मांडीच्या मागच्या स्नायूंचा जोर, उडी मारून नीट उतरणं. त्याला चेंडूखेरीज साधन लागत नाही. अमेरिकेतल्या महाविद्यालयीन पुरुष संघांवर त्याची चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१५ मध्ये आले. नियमित करणाऱ्या संघांत दुखापती ४६ टक्क्यांनी कमी निघाल्या. ज्या लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम काढून शरीराचा प्रयोगशाळेत अभ्यास सुरू केला, त्या गावाच्या शाळांना वीस मिनिटांचा शास्त्रीय व्यायाम परका वाटू नये. दवाखान्याची शक्यता यानं शून्य होत नाही. निम्म्याजवळ येते, आणि फुकटात.

आणि दुखापतीचा, निवडीचा, सगळ्याचाच संबंध पुन्हा त्या बाद पद्धतीशी आहे. आजच हरलो तर सगळं संपतं म्हटल्यावर शिक्षक वर्गातली सर्वांत थोराड मुलं उतरवणार. मुलगे साधारण तेरा-चौदाव्या वर्षी झपाट्यानं उंच होतात, पण कुणी बाराव्या, कुणी सोळाव्या. ज्याची वाढ उशिरा होते तो बाकावर बसून राहतो आणि कंटाळून सोडतो, मग त्याच्या पायात कितीही कसब असो. वयाचे दाखले बदलण्याची कीड लागते तीही इथूनच, मनगटाचे एक्स-रे काढून वय ताडण्याची वेळ फुटबॉल महासंघावर उगाच आलेली नाही. साखळीत चौदा सामने असतील तर शिक्षकाला एखाद्या सामन्यात बारक्या मुलाला अर्धा तास देता येतो. हरण्याची भीती कमी असते तिथंच मुलं शिकतात. मुलींचा संघ तर बहुतेक शाळांत उभाच राहत नाही, तो स्वतंत्र आणि मोठा विषय आहे.

तात्या : बरं, समजा पोरगं टिकलं. कॉलेजात तरी काय हाय? नोटीस लागते, चार दिवसांत संघ होतो, एक म्याच खेळून येतात, सर्टिफिकेट मिळतं. तुम्ही ज्याला ठिकाण म्हणता ते ठिकाण असंच हाय.

मी : याला माझ्याजवळ बचाव नाही. बऱ्याच महाविद्यालयांत असंच चालतं. तरीही तिथली शिडी खरी आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत आपला भाग पुणे ग्रामीणमध्ये येतो. तिथून आंतरविभागीय, तिथून विद्यापीठाचा संघ, मग पश्चिम विभागाची आंतरविद्यापीठ स्पर्धा, आणि २०२० पासून खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धा. या शिडीचा मोठा गुण असा की ती पंचविशीपर्यंत उघडी राहते. क्लबची अकादमी अठराव्या वर्षी मुलाला निरोप देते, विद्यापीठ आणखी सहा-सात वर्षं देतं. उशिरा वाढणाऱ्या, उशिरा बूट मिळालेल्या ग्रामीण मुलाला यापेक्षा न्याय्य रचना भारतीय फुटबॉलमध्ये दुसरी नाही. त्यातून सगळे व्यावसायिक होणार नाहीत, हे आधीच सांगतो. पण शासकीय नोकऱ्यांत पात्र खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, पंचाची आणि प्रशिक्षकाची परवाना परीक्षा आहे, शारीरिक शिक्षणाची पदवी आहे. सेनादलाचा तर स्वतःचा संघ आहे, २०२४ मध्ये संतोष करंडक त्यांनी जिंकला. नौदलाचं आयएनएस शिवाजी तुमच्या शेजारी आहे. वर्दी आणि खेळ एकत्र नांदताना मावळच्या मुलांनी लहानपणापासून पाहिलेले आहेत.

महाविद्यालयाचा संघ चार दिवसांत होतो, कारण त्याला बाकीचं वर्ष खेळायला काही नसतं. तोच रोग, दोन इयत्ता वर. म्हणून माझी मागणी शाळा आणि महाविद्यालय दोघांसाठी एकच आहे: दिवाळीनंतर लोणावळा ते देहूरोड अशी मावळची साखळी.

तात्या : मागणी सोपी असते, सर. मैदान कोण देणार, पंच कोण, पोरं आणणार कोण? आणि फेब्रुवारीत बारावीचा पेपर हाय.

मी : आठ संघ धरा. प्रत्येकानं प्रत्येकाशी एकदा खेळायचं तर प्रत्येकाला सात सामने, एकूण अठ्ठावीस. दिवाळीनंतर सात रविवार म्हणजे डिसेंबर संपता संपता पहिली फेरी पुरी होते. दहावी-बारावीची मुलं तिथं थांबतील, अभ्यासाला लागतील. दुसऱ्या फेरीत नववी-अकरावीची आणि बाकावरची मुलं उतरतील, ती मार्चआधी संपेल. अठरा जणांचा संघ म्हटला तर एकशे चव्वेचाळीस मुलांना आजच्या कितीतरी पट फुटबॉल मिळेल. मैदानं नवी बांधायची नाहीत. लोणावळा, कामशेत, वडगाव, तळेगाव या लोकलच्या स्थानकांपासून चालत जाता येईल अशी शाळा-महाविद्यालयांची मैदानं पाहायची, एका दिवशी एका मैदानावर दोन सामने लावायचे, म्हणजे गाडीभाड्याचा प्रश्न तिकिटावर भागतो. पवनानगर, अंदर मावळ, नाणे मावळ इथल्या मुलांना लोकल नाही. त्यांच्यासाठी जीप लागेल, आणि सगळ्या खर्चात तोच खरा जड आकडा आहे. पंच म्हणून महाविद्यालयातल्या मुलांनाच तयार करावं, सामन्यामागे मानधन द्यावं. महामार्गालगतच्या कारखान्यांचा सामाजिक निधी दरवर्षी कुठंतरी जातोच, त्यातला थोडा इकडे वळवायला तालुका क्रीडा अधिकाऱ्याचं पत्र आणि दोन मुख्याध्यापकांची सही पुरते.

तात्या : जीपचा खर्च कोण देणार ते आधी ठरवा. आमच्या वाडीतली चार पोरं रविवारी दूध घालून आठ वाजता मोकळी होतात. सामना नऊला ठेवलात तर त्यांना जमणार न्हाय.

मी : मग त्यांचा सामना दुसरा लावू, साडेदहाचा. डिसेंबरात मावळात त्या वेळी ऊन जाचत नाही.